तीन डबे आणि डहाणू लोकल

गेले दोन वीकेंड काही लिहिलं नाही, कारण तलासरीसाठी सर्व्हर निवडत होतो. हो, तलासरीच! :)

आमच्या शाळेतले एक सर रिटायर झाल्यापासून पाड्यापाड्यांवर फिरून वारली म्हाताऱ्यांची गाणी, गोष्टी, तारपा रेकॉर्ड करतात. व्हिडिओ धरून तीन टेराबाइट झालंय. सगळं लोखंडी कपाटातल्या सुट्या हार्डडिस्कवर. मागच्या पावसाळ्यात त्यातली एक गेली. तिच्यात ज्या आजोबांचा तारपा होता ते आता नाहीत. सर एवढंच म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ काहीतरी."

ऑफिसात आमचा क्लस्टर सेफवर चालतो (नाव खरंच तसं आहे). प्रत्येक गोष्ट तीन मशीनवर ठेवायची, एक मेलं तरी काम चालू. म्हटलं, छोट्या प्रमाणात तेच करू. दोन लाखांत तीन जुने टॉवर सर्व्हर, प्रत्येकात चार टेराबाइटच्या दोन डिस्क. जुने चालतील, पण ईसीसी रॅम हवीच. मेमरीत एक बिट उलटला तर ती चूक इमानेइतबारे तिन्हीकडे जाऊ शकते. डिस्क सीएमआर हव्यात. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना जीव जातो, आणि काही मॉडेल ही गोष्ट न सांगताच विकली जात होती हे २०२० साली उघड झालं. शिवाय सगळ्या डिस्क एकाच लॉटच्या नकोत, एकत्र जन्मलेल्या एकत्रच आजारी पडतात. आणि यूपीएस. डहाणूच्या थर्मलची ५०० मेगावॅट वीज मुंबईसाठी, इकडे मात्र सर आली की लाइट गेलेच!

मोठ्या ऐटीत सरांना यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "हे तिन्ही डबे ठेवणार कुठे?"

"तुमच्या मागच्या खोलीत."

"मग घर पडलं तर तिन्ही एकदमच जातील ना रे?"

मी गप्प. नोव्हेंबर २०१८ पासून या पट्ट्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का तर चारच्या वर होता. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. सरही अंगणात झोपायचे. डिस्क मात्र आत कपाटात!

खरं तर 'काय काय एकदम मरू शकतं' हा पहिला प्रश्न. ऑफिसात त्याचं उत्तर रॅक किंवा खोली असतं. इथे ते अख्खा तालुका आहे. मग क्लस्टरच तीन गावांत पसरावा? नाही जमत. प्रत्येक गोष्ट लिहिताना सगळ्या कॉपींची वाट बघायची असते, आणि तलासरीच्या नेटवर ती बघत बसलो तर झालंच! मुळात क्लस्टर हवा अखंड चालण्यासाठी. सरांचं काम दोन दिवस बंद पडलं तरी बिघडत नाही. रेकॉर्डिंग जगायला हवं.

शेवटी सेफ रद्द. डबे तेच, पण एक सरांकडे, एक डहाणूला आईकडे, एक अंधेरीत माझ्याकडे. प्रत्येकात झेडएफएस, दोन डिस्कचा आरसा, चेकसम, आणि चुकून काही डिलीट झालंच तर स्नॅपशॉट. डहाणू-तलासरी एकत्रच हलतं, म्हणून भूकंपापुरती खरी दुसरी कॉपी अंधेरीचीच. नवीन रेकॉर्डिंग रात्री नेटने जाईल. पहिले तीन टेराबाइट मी सॅकमध्ये घालून डहाणू लोकलने नेले. प्रवासाचे तीन तास धरले तरी सेकंदाला पावणेतीनशे मेगाबाइट पडतात. एवढं नेट मला अंधेरीतही मिळत नाही.

निघताना सर म्हणाले, "सांभाळून ने रे, खिडकीत बसू नकोस."

चर्नी रोडच्या नोकरदारासारखी सॅक पोटाशी धरून बसलो होतो. असो. गेलेल्या डिस्कचं मात्र काही झालं नाही. रिकव्हरीवाल्याने हात टेकले. त्या आजोबांच्या नातवाला वाजवता येतं म्हणे... पुढच्या शनिवारी सर आणि मी त्याच्याकडे जातोय.