जीआय पाइपास निरोपाचं पत्र

जुन्या इमारतीतल्या जीआय पाइपास,


सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तुला काढून टाकण्याचा विषय आला आहे. कोणी प्लास्टिकचा सीपीव्हीसी म्हणतं, कोणी प्लास्टिकचाच पीपीआर, तर कोणी म्हणतं, "पुन्हा जीआयच टाका, इतकी वर्षं टिकला ना!" चर्चा सगळी तुझ्या माघारी चालली आहे, म्हणून हे थेट तुलाच लिहितो.

आधी तुझं श्रेय. प्लास्टिकचे पाइप घराघरांत येण्यापूर्वी मुंबई-पुण्यातल्या इमारतींना गच्चीवरच्या टाकीतून पाणी तूच पाजलंस. पिवळा पट्टा 'ए' क्लास, निळा 'बी', लाल 'सी', ही तुझी प्रतवारी आजही कोणताही प्लंबर झोपेतून उठवला तरी सांगेल. उन्हाने तू तडकला नाहीस, कोणी धक्का दिला म्हणून मोडला नाहीस.

तुझं दुखणं आतलं. तुझं लोखंड वाचावं म्हणून त्यावरचा जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो आणि तो संपला की गंजाच्या गाठी आत वाढू लागतात. अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट उरते. मग सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला आधीच दाब कमी, त्यात तुझी ही अवस्था, म्हणून तिथला शॉवर सर्वांत आधी रुसतो. आटे पाडलेल्या जागी तुझी भिंत पातळ असते, म्हणून गळतीही बहुधा तिथूनच सुरू होते. गरम पाण्याच्या लाइनीत तर तू आणखी लवकर थकतोस. काही प्रकारच्या पाण्यात तापमान साठ अंशांपुढे गेलं की जस्त लोखंडाला राखण्याचं कामच सोडून देतं.

आता तुझ्या जागी कोण? सभेत सगळ्यांना एकच नाव हवं असतं. पण तू एकटा जी सगळी कामं करत होतास ती आता वाटून द्यावी लागतील.

थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी पुरतो आणि स्वस्तही पडतो. मात्र तो गिझरच्या लाइनीला लावणं म्हणजे भांडण विकत घेणं, कारण उष्णतेने तो मऊ पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर हवा. सीपीव्हीसी सोल्युशन लावून जोडतात, त्यामुळे काम झटपट होतं. पीपीआरचे जोड सुमारे 260 अंशांना वितळवून एकजीव करतात. जोड पक्का होतो, पण मशीन आणि सरावलेला हात दोन्ही लागतात. तांब्याचा पाइप गरम पाण्याला उत्तम, पण महाग, आणि उघड्यावर असला तर चोराच्या डोळ्यांवर येणारा.

प्लास्टिकची खोड अशी की ते तापलं की लांबतं. दहा मीटर सीपीव्हीसी पन्नास अंशांनी तापला तर सुमारे तीन सेंटीमीटर वाढतो, तांबं एक सेंटीमीटरही वाढत नाही. क्लॅम्प घट्ट आवळून त्याला जागा दिली नाही, तर तो वाकतो आणि जोडावर ताण येतो. तापमान चढेल तशी त्याची दाब सोसण्याची ताकदही उतरते. गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये पाणी वापराविना राहिलं तर ते उकळीच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून सोलरच्या टाकीपासूनचे पहिले काही मीटर धातूचेच असावेत. बाहेरच्या भिंतीवरचा प्लास्टिक पाइप उन्हापासून झाकावा किंवा त्याला पाण्यात मिसळणारा रंग द्यावा.

तुझ्या निरोपात सर्वांत मोठा धोका अर्धवटपणाचा आहे. एका फ्लॅटमध्ये नवा पाइप, डाउनटेक, म्हणजे गच्चीच्या टाकीतून खाली येणारा उभा पाइप, मात्र तुझाच ठेवला, तर तुझा गंज नव्या नळांत जाऊन बसतो. तांबं थेट तुझ्या अंगाला जोडलं, तर झिजायचं काम तुझ्याच वाट्याला येतं. पाण्याच्या वाटेवर तांबं आधी आणि तू नंतर असलास तर आणखी वाईट, कारण तांब्याचे कण तुझ्या आत बसून तुला भोकं पाडतात. तुझ्या आट्यांना सफेदा आणि धागा चालायचा. सीपीव्हीसीच्या आट्यांना टेफ्लॉन टेपच हवी, कारण तेलकट लेप त्याला तडे पाडू शकतात.

आणि एक काम तू कोणालाही न सांगता करत होतास. कित्येक जुन्या घरांत इलेक्ट्रिशियनने गिझरचं अर्थिंग तुझ्याच अंगावर बांधलेलं असतं. प्लास्टिक आलं की हे अर्थिंग गुपचूप नाहीसं होतं आणि गिझरला करंट आला तर वाचवायला काही उरत नाही. तेव्हा तुझ्यावर पाना लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून स्वतंत्र अर्थ वायर ओढून घ्यायला हवी, शक्यतो आरसीसीबीसकट, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचसकट. अग्निशमनाच्या लाइनीतून मात्र तुला हलवायचं नाही. तिथे पोलादच हवं, आगीत वितळणारा पाइप तिथे काय कामाचा?

सभासदांना माझं सांगणं एवढंच: दर मीटरचा भाव विचारण्याआधी प्रत्येक लाइनीतून किती गरम पाणी, किती दाबाने जाणार आहे आणि तिच्यावर ऊन पडतं का, हे लिहून काढा. पाइपावर आयएस क्रमांक छापलेला आहे का पाहा, सीपीव्हीसीसाठी तो 15778 आहे. टाइल्स बसवण्याआधी लाइन दाबाखाली भरून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी गेजचा काटा उतरलेला दिसला तर टाइल्सवाल्याला थांबवा. आणि डाउनटेक बदलायचा असेल तर सगळ्या मजल्यांचा एकदमच बदला.

तुझा,
एका जुन्या सोसायटीचा सभासद