चिकटवणे आणि सांधणे

संस्कृत व्याकरणाचे पहिले पाठ ज्यांस आठवत असतील त्यांस संधी म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. 'देव' आणि 'आलय' हे दोन शब्द जवळ आले की त्यांच्या शेजारचे अकार आणि आकार आपापले वेगळेपण टाकून एकच दीर्घ आकार होतात, आणि 'देवालय' म्हणताना जोड कोठे आहे हे जिभेला कळतही नाही. 'स्व' आणि 'छंद' यांचे मात्र असे जुळत नाही. त्यांच्यामध्ये एक उपरा वर्ण येऊन उभा राहतो तेव्हा कोठे 'स्वच्छंद' सिद्ध होतो. सजातीय एकमेकांत विरघळतात, विजातीयांस मध्यस्थ लागतो. हा भेद आम्ही कितीएक वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. परंतु तो ॲक्रिलिकच्या तुकड्यांसही लागू पडतो हे आमच्या ध्यानी आले ते पिंपरी पेंढार येथील एका पाटीमुळे.

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातील गाव कल्याण-नगर रस्त्यावर आहे. या तालुक्यास सांध्यांची परंपरा मोठी. लेण्याद्रीची लेणी कातळातच कोरलेली. तेथे सांध्याचा प्रश्न कारागिरांनी उद्भवूच दिला नाही. हेमाडपंती देवळांत दगडावर दगड चुन्यावाचून, खाचेत खाच आणि भारावर भार या हिशेबाने बसविलेला. एके काळी जुन्नरी कागदाची ख्याती होती, आणि कागद म्हटला की खळ आलीच. आता त्याच मुलखात दुकाने, दवाखाने, शाळा यांच्या पाट्यांवर ॲक्रिलिकची रंगीत अक्षरे झळकतात. हा पदार्थ १९३० नंतरच्या दशकात जर्मनी आणि इंग्लंड येथे बाजारात आला, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोक्यावरचे पारदर्शक छत झाला, आणि आता खेड्यातल्या वाचनालयाच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आम्ही म्हणतो ती पाटी अशाच एका लहान वाचनालयाची. पश्चिमेकडच्या भिंतीवर स्टेनलेस स्टीलचा आरशासारखा पत्रा, आणि त्यावर देणगीदारांची नावे, पांढऱ्या थरावर तांबडा थर अशा दुपदरी ॲक्रिलिकची. पाटी थंडीत लागली आणि चैत्र-वैशाखात नावे गळू लागली. त्या यादीत एका शेतमजूर बाईंचे नाव होते. कांदाकाढणीच्या मजुरीतून साठविलेले हजार रुपये त्यांनी नातीला वाचावयास पुस्तके मिळावीत म्हणून दिले होते. त्यांस स्वतःस अक्षरओळख नाही, पण आपल्या नावाचा आकार त्यांनी डोळ्यांत साठवून ठेवला होता. एके दिवशी पाहतात तो आडनाव जागच्या जागी, आणि त्यांचे स्वतःचे नाव तेवढे नाहीसे. आम्ही त्या दिवशी तेथे होतो. त्यांनी विचारले, "सर, माझं नाव काढून टाकलं का? पैसं तर मी दिलं व्हतं." कार्यवाहांनी झाल्या प्रकाराचे कारण सांगितले; परंतु बाईंच्या मुद्रेवरून ते त्यांस पटले असे दिसले नाही. गोंदाने दगा दिला म्हणून माणसाचे नाव यादीतून जाते, हे पटावे तरी कसे?

मंडळाची बैठक भरली तेव्हा सर्वांचे एकच मत पडले, की याहून जबर चिकटणारे काही आणावे. आमचे मत निराळे होते. नावे गळाली याचे कारण गोंद दुबळा हे नसून तो ताठर होता हे होय. ॲक्रिलिक उन्हाने जेवढे वाढते त्याच्या सुमारे चौथा हिस्साच स्टेनलेस स्टील वाढते. पौषातल्या पहाटेचे १० अंश आणि वैशाखातल्या दुपारी तापलेल्या पत्र्याचे ६० अंश धरले, तर ३० सेंटिमीटर लांबीची ॲक्रिलिकची पट्टी सुमारे १ मिलिमीटर वाढते आणि तिच्याखालचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर. येथे आपल्या लिपीचाही हात आहे. इंग्रजी नावाची अक्षरे सुटी कापली जातात आणि प्रत्येक अक्षर आपापल्यापुरते वाढते. देवनागरीत शिरोरेखेने सारे नाव एकसंध होते, आणि साऱ्या नावाची वाढ दोन्ही टोकांशी येऊन साचते. त्या पाऊण मिलिमीटरची ओढ सोसावयास मध्ये काय होते? झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, मिलिमीटरचा काही शतांश भरेल एवढा, काचेसारखा ठिसूळ पापुद्रा.

या झटपट गोंदाचा जन्मही मोठा गमतीचा आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर व त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी स्वच्छ प्लास्टिक शोधीत असता सायनोॲक्रिलेट त्यांच्या हाती लागले, आणि ते ज्यास त्यास चिकटते म्हणून त्यांनी बाजूस सारले. त्याचे मोल १९५१ साली ध्यानात आले आणि १९५८ साली ते विकावयास आले. हवेतील आणि पृष्ठावरील दमटपणाने ते क्षणात घट्ट होते. परंतु त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढुरकी बुरशी चढल्यासारखी दिसते, आणि ताण असलेल्या कडांवर केसासारखे तडे पडतात.

मग दुसरे काय? सुतारकामाचा पांढरा गोंद येथे निरुपयोगी, कारण तो पाणी सुटून वाळतो, आणि पत्रा व ॲक्रिलिक या दोहोंमधून पाण्यास वाट नाही. दोन नळ्यांतील द्रव्ये कालवून करावयाचा इपॉक्सी धातू घासून खरबरीत केल्यास उत्तम धरतो, पण वाळल्यावर तोही ताठच. सिलिकोन रबरासारखे लवते. मात्र ज्यास शिर्क्यासारखा उग्र वास येतो तो प्रकार ॲसिटिक आम्ल सोडतो आणि पितळ, तांबे, जस्ताचा मुलामा यांस खातो, म्हणून धातूशी गाठ असेल तेथे ज्यास तो वास नाही असा तटस्थ प्रकार घ्यावा. पाटीच्या कामास आम्हांस सर्वांत योग्य वाटली ती दोन्ही अंगांनी चिकटणारी, मध्ये फेस भरलेली, मिलिमीटरभर जाडीची ॲक्रिलिक पट्टी. ती धरते आणि सरकूही देते. पत्रा स्पिरिटाने पुसून कोरडा करावा, पट्टी जोराने दाबावी आणि ७२ तास वाट पाहावी, कारण तिचे पुरते बळ तेवढ्या अवधीने येते. जड तावदान असेल तर पट्टीवरही न विसंबता स्क्रू घालावेत, पण भोके स्क्रूहून मोठी ठेवावीत. हेमाडपंती कारागिरांसारखा चिकटविण्याचा मोहच सोडावा.

नावांचे दोन थर मात्र एकमेकांपासून कोठेही सुटले नव्हते, आणि ही गोष्ट आम्ही मंडळास मुद्दाम दाखविली. ते थर क्लोरोफॉर्मने जोडलेले होते. १८४७ सालापासून रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वी हुंगवीत तेच हे द्रव्य. सुईने त्याचा थेंब दोन थरांच्या फटीशी सोडला की तो आपोआप आत ओढला जातो, दोन्ही पृष्ठे किंचित विरघळतात, एकाचे रेणू दुसऱ्यात गुंततात, आणि द्रव्य उडून जाते. गोंद म्हणून मागे काहीच उरत नाही. ॲक्रिलिकच ॲक्रिलिकला धरून राहते. यास दोन पथ्ये आहेत. पृष्ठे एकमेकांवर तंतोतंत बसली पाहिजेत, कारण हे द्रव्य पोकळी भरीत नाही. आणि कापताना कडांत जो ताण राहतो तो तुकडे ८० अंशांच्या आसपास काही तास तापवून हळूहळू निववून घालविला पाहिजे, एरवी थेंब लागताच कड तडकते. शिवाय त्याची वाफ यकृतास अपायकारक, म्हणून काम उघड्या हवेत करावे.

वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे. कवठ, बेल, गुग्गुळ, बिब्बा अशी द्रव्ये तीत येतात, आणि असा लेप युगानुयुगे टिकेल अशी ग्वाहीही तेथे आहे. मंडळातील मंडळींस हवा होता तो असलाच सर्वांस सर्वकाळ धरून ठेवणारा वज्रलेप. त्यांस दोष तरी कसा द्यावा? कोणतीही दोन माणसे वा दोन वस्तू एकदा घट्ट बांधल्या की काम झाले असे आपणां सर्वांसच वाटत असते. पण चिकटवणे वेगळे आणि सांधणे वेगळे. सांधणाऱ्यास आधी हे पाहावे लागते, की ही दोघे उन्हात किती आणि कशी वाढतील. आणि तेवढी जागा त्यास मध्ये राखावी लागते.

सारी नावे उतरवून, पुसून, पुन्हा बसविली गेली. बाई नातीला घेऊन आल्या. नातीने नाव वाचून दाखविले, तरी त्यांनी ते बोटांनी चाचपून, कडेला नख लावून थोडे ओढून पाहिले. नाव किंचित हलले आणि जागेवर राहिले. त्या घाबरल्या, तेव्हा ते हलावयासच हवे असे आम्ही त्यांस सांगितले.