चांदीच्या थाळ्यांचे इस्पितळ

पासपोर्ट हातात आला त्या दिवशी मी तो आधी आमच्या यांच्या फोटोसमोर ठेवला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट! शेजारणी विचारू लागल्या, "ताई, कुठे निघालात?" मी म्हटले, "व्हॅलेटाला." कोणालाच कळेना. तीन वर्षांपूर्वी मला तरी कुठे ठाऊक होते?

व्हॅलेटा ही माल्टा देशाची राजधानी. इटलीच्या खाली, भूमध्य समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर ती वसली आहे. माझी धाकटी तिथे नर्स आहे. मी स्वतः मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षे आया होते. बेडपॅन उचलले, फरशा पुसल्या, पण पोरीला शिकवले. ती गेली तेव्हा एजंटाच्या पैशांसाठी कर्ज काढावे लागले. ते आत्ता कुठे फिटले. मधेच तिच्या वडिलांचे निधन झाले. तिला रजा मिळून तिकीट हाती येईपर्यंत इकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही उरकला होता. मग ती आलीच नाही.

म्हणून मी तिला फोनवर सांगितले, "एवढा पैसा घालून मी कशाला येऊ? त्याच पैशात तूच ये ना." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी आले की घरात पप्पा नाहीत हेच दिसणार. तू ये आई. मला तुला एक इस्पितळ दाखवायचे आहे."

त्या इस्पितळाची हकिगत तिने सांगितली ती अशी. 1565 साली तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. तो उठल्यावर तिथल्या ख्रिस्ती सरदारांनी 28 मार्च 1566 रोजी या नव्या शहराचा पाया घातला. हे सरदार मुळात रुग्णसेवेचे व्रत घेतलेले. त्यांनी समुद्रकाठी मोठे इस्पितळ बांधले. त्यातला लांब वॉर्ड सुमारे 155 मीटरचा. तिथे रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांत जेवण देत आणि सरदार स्वतः वाढायला उभे राहत. आज तिथे सभागृह आहे, पण तो वॉर्ड बघता येतो.

मी विचारले, "अग, मग त्या थाळ्या घासत कोण होते?"

ती हसली. म्हणाली, "मला वाटलेच, तू हेच विचारणार. गुलाम, आई." समुद्रावर पकडून आणलेली माणसे. जहाजांची वल्ही तीच मारत, इस्पितळातली हलकी कामेही त्यांच्याकडूनच करून घेत. 1798 मध्ये नेपोलियन आला. त्याने ती चांदी लुटली, पण त्याच वर्षी गुलामगिरीही बंद केली. ते ऐकले आणि माझे जायचे ठरले.

आता तयारी. उन्हाळा तिथे कडक, म्हणून मार्चचा शेवट धरला आहे. चौदा एप्रिलच्या आत मला परत यायचेच आहे. मुंबईहून जाताना वाटेत विमान बदलावे लागते. शहर लहान, पायीच फिरायचे. पण गल्ल्या चढउताराच्या आणि पायऱ्यांच्या, अन् माझे गुडघे असे! लेकीने आधीच पाहून ठेवले आहे. बंदरापासून वरच्या बागेपर्यंत लिफ्ट आहे, जवळजवळ वीस मजल्यांची. त्या बागेखाली रोज दुपारी बाराला तोफ उडते, ती ऐकायची. मग बोटीने पलीकडे स्लिमाला जायचे. तिथल्या भाषेत आजीला 'नन्ना' म्हणतात. तिचे म्हातारे पेशंट म्हणे विचारतात, "तुझी आई कधी येणार?"

खरा घाम फोडला तो कागदपत्रांनी. रेशनकार्डावर माझे एक नाव, सर्व्हिस बुकात दुसरे. प्रतिज्ञापत्र करण्यात दोन महिने गेले. भगिनींनो, जायचे असो वा नसो, आपली नावे सगळ्या कागदांवर एकसारखी करून घ्या. व्हिसाची फी 90 युरो. नाकारला तरी ती परत मिळत नाही. शिवाय 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पेन्शनचे पासबुक, लेकीचे निमंत्रण, परतीचे तिकीट, सगळे एका पिशवीत लावून ठेवले आहे.

पुढच्या सोमवारी व्हिसाची तारीख आहे. मुलगा म्हणतो, "आई, नाही मिळाला तर मनाला लावून घेऊ नकोस." मी कशाला लावून घेऊ? पुन्हा अर्ज करीन.

त्या लांब वॉर्डात लेकीचा हात धरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आहे. सरदार कुठे उभे राहत हे तिथले लोक दाखवतीलच. मी मात्र थाळ्या घासायची मोरी कुठे होती, ते विचारणार आहे.