बीजभांडवल

ज्याला आपला व्यवसाय एका शब्दात सांगता येतो, तो मनुष्य भाग्यवान समजावा. डॉक्टर, मास्तर, वकील, आडत्या. शब्द उच्चारला की समोरच्याचे समाधान होते. माझ्या नशिबी ते सुख नाही. मुंबईत मी आठ वर्षे शेअर-संशोधक होतो. ‘संशोधक’ म्हटल्यावर आमच्या जालन्याच्या पाहुण्यांचा समज होई, की मी प्रयोगशाळेत असतो.

वास्तविक त्या कामात परीक्षानळी कोठेच नव्हती. कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे, नफ्यातोट्याची पत्रके तपासायची, उधारी किती दिवसांनी वसूल होते ते पाहायचे, माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलते करायचे आणि शेवटी त्या शेअरची रास्त किंमत लिहून द्यायची. अंदाज उद्याचा, पण त्याला आधार कालचा. दहा वर्षांचे आकडे पुढ्यात असले, की माणसाला मोठा धीर येतो!

तो धीर सोडून मी तंत्रज्ञानातल्या अगदी नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणाऱ्या एका संस्थेत गेलो. पगार कमी झाला आणि घरी काळजी वाढली. त्या दिवाळीला अण्णांनी मला ओसरीवर बसवून घेतले.

“लेकरा, तू आता नेमकं करायलास काय?”

“ज्या कंपनीला अजून नफा नाही, कधी कधी गिऱ्हाईकही नाही, तिच्यात पैसे घालतो, अण्णा.”

“पैसे कुणाचे?”

“मोठ्या संस्थांचे, श्रीमंत कुटुंबांचे.”

“आणि बुडाले म्हणजे?”

“दहांतल्या निम्म्या तरी बुडणार, हे धरूनच चालतो. एखादी अशी वाढते, की ती साऱ्यांचं भरून काढते.”

अण्णा गप्प राहिले. मी इन्फोसिसचा दाखला दिला. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांवर ती सुरू केली. ते पैसे सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिलेले. पुढे १९९३ साली ९५ रुपये दराने तिचे शेअर बाजारात आले, तेव्हाही ते पुरते खपले नव्हते. शेअर-संशोधकाला १९९३ साली वाचायला बारा वर्षांचे हिशेब होते. १९८१ साली वाचायला काय होते? फक्त सात माणसे! माझे नवे काम म्हणजे हिशेब वाचण्याऐवजी माणसे वाचणे.

या वाटेने जाणारा मी काही पहिला नव्हे. अमेरिकेत बेन रोझेन हे आधी मॉर्गन स्टॅन्लीत इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या शेअरचा अभ्यास करीत. १९८१ साली ते एका भागीदारासह भांडवल पुरवण्याच्या धंद्यात शिरले आणि संगणक बनवणारी कॉम्पॅक त्यांच्याच पाठबळावर उभी राहिली. धंद्याचा अभ्यास त्यांच्या कामी आला. आकडे नसले, तरी कोणत्या मालाला बाजार आहे हे त्यांना दिसत होते.

पण अण्णांना अमेरिकेचे कौतुक सांगण्याची गरजच नव्हती. आमच्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ काढली, तेव्हा संकरित बियाण्याची खाजगी कंपनी ही कल्पनाच नवी होती. त्यांनी शेतकऱ्यांशी करार करून त्यांच्याच रानात बी तयार करून घेतले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचे गाव झाले ते असे, कोणीतरी आधी विश्वास टाकला म्हणून.

आमच्या शेतातही कापसाच्या बियाण्याचा प्लॉट असे. सायंकाळी बायका उद्या उमलणारी कळी हेरून तिच्यातले पुंकेसर नखाने काढीत, खूण करून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग तिला लावीत. एकेक फूल हाताने! बी हाती आले की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहायचे. मी म्हणालो, “अण्णा, माझंही तेच आहे. आमच्यात या पैशाला बीजभांडवलच म्हणतात.”

आता ते खुलतील असे मला वाटले. ते म्हणाले, “बी उगवलं नाही, तर दुकानदार एखाद वेळेस दुसरी पिशवी देईल. पण गेलेला हंगाम कोण देतो? तुझ्या दहा पिशव्या आहेत. त्या पोराची एकच.”

या प्रश्नाला माझ्या कोणत्याच तक्त्यात रकाना नव्हता. निम्म्या बुडणार, हे वाक्य माझ्यासारख्याला हिशेब वाटते. ज्याची कंपनी बुडते, त्या सव्वीस वर्षांच्या मुलाला मात्र ती नोकरी सोडून घालवलेली तीन वर्षे असतात आणि गावाकडे गहाण पडलेले घरही असू शकते.

तेव्हापासून पैसे देण्यापूर्वी मी एक गोष्ट विचारतो, जी कोणत्याही अहवालात नसते: “घरी किती महिन्यांची शिदोरी आहे?” आणि पहिल्या भांडवलातून त्याचा स्वतःचा माफक पगार धरायला लावतो. घर गहाण टाकून कोणी आला, तर आधी ते सोडवायला सांगतो. माझे सहकारी याला हळवेपणा म्हणतात. म्हणोत बापडे! पोटाची चिंता असलेला मनुष्य गिऱ्हाइकाला धड उत्तर देत नाही, हे शुद्ध व्यवहाराचेही गणित आहे.

माझा धंदा एका शब्दात सांगणे मला अजून जमत नाही. अण्णांनी मात्र स्वतःपुरती सोय करून घेतली आहे. कोणी विचारले, की ते सांगतात, “पोरगा बियाण्यात आहे.”