मामा शेवटच्या रांगेत बसले

काठमांडूत १९९७ पासून 'फिल्म साउथ एशिया' हा दक्षिण आशियातल्या माहितीपटांचा महोत्सव भरत आला आहे. तिथे जाणे मला कधी जमले नाही. पण तीच कल्पना उचलून आमच्या कॉलेजात यंदा तीन दिवस शेजारी देशांचे कथापट दाखवले. बांगलादेशचा 'मातिर मोयना', पाकिस्तानचा 'खामोश पानी' आणि श्रीलंकेच्या प्रसन्न विथानगे यांचा १९९७चा 'पुरहंद कळुवर', म्हणजे पौर्णिमेचा काळोख.

शेवटच्या दिवशी मामांना मुद्दाम बोलावले. १९८७ मध्ये ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते. हजाराहून अधिक भारतीय जवान तिथे कामी आले. मामा परतले, पण तिथले काही घरात कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

चित्रपटात एका खेड्यातल्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे सैनिक मुलाची मोहोरबंद शवपेटी येते. मुलगा गेला हे तो मानत नाही. घरात पैशाची निकड असूनही भरपाईच्या कागदावर सही करत नाही. २००० साली श्रीलंकेत या चित्रपटाचे प्रदर्शन रोखले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो पुढच्या वर्षी लोकांपुढे आला.

इंग्रजी सबटायटल्स मामांना भरभर वाचता येईनात. मी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत होते. पलीकडे धारवाडच्या आमच्या मामी आपल्या बहिणीला कन्नडात सांगत होत्या. सिंहलीत थोरल्या बहिणीला आपल्यासारखेच 'अक्का' म्हणतात, याची दोघींना गंमत वाटली. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "राहू दे गं. समजतंय."

दिवे लागले तरी ते उठले नाहीत. मग हळूच बोलू लागले, "आमच्यातल्या एकाची ट्रंक घेऊन मी त्याच्या घरी गेलो होतो. आईनं विचारलं, तू स्वतः बघितलास ना त्याला? मी हो म्हटलं. बघितलं नव्हतं."

मामी हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "नडीरि, मनिगे होगूणू."

जे आम्ही आपल्या माणसाला इतकी वर्षे विचारू शकलो नाही, ते शेजारच्या देशातल्या एका म्हाताऱ्याने विचारले.

येत्या रविवारी त्या जवानाच्या गावी जायचे ठरले आहे. त्याची आई आहे की नाही, मामांना ठाऊक नाही.