माळवदावरची पांढरी माती

यंदा वैशाखात इंदापूरच्या गावठाणातल्या आमच्या घराचं माळवद उकललं. वरची पांढरी माती पाट्यांनी उतरवली, खाली किलचा, त्याखाली सागाच्या तुळया. भिंतीत गाडलेली दोन टोकं तेवढी वाळवीनं खाल्लेली. बाकी लाकूड ठणठणीत. शेजारची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे इकडे घाव बसला की तिकडच्या फळीवरची भांडी वाजायची. काकू पलीकडून विचारायच्या, "झालं का रं?" त्या आवाजानं मला उगीच बरं वाटायचं.

गवंडी म्हणाला, भेगा सिमेंटनं बुजवू. मी नको म्हटलं. मातीच्या भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती कोंडतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

जुनं जपायचं म्हटलं की मोठे वाडेच आठवतात. बारामतीत कऱ्हेकाठी पेशवाईतले सावकार बाबूजी नाईक यांचा वाडा आहे. नाईकांच्याच आश्रयानं कवी मोरोपंत त्या गावात राहिले, १७९४ साली तिथंच गेले. असे वाडे जपावेत, जपलेच पाहिजेत. पण आळीतल्या साध्या घरांचं कोण बघणार, हे मनातून जात नाही. आमची ही सामाईक भिंत आधी कुणी उभी केली, ते सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

जुनं घर पाडायचं ठरवलं असेल, तर आधी एखाद्या जाणत्या सुताराला तुळया ठोकून बघायला सांगा.