दीडची, अडीचची, चारची

विजेच्या तारेची दोन टोकं आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात शेजारी-शेजारी दिसतात. आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. इकडे वळसंगच्या रानात डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांबवरच्या बोअरपर्यंत कुणीतरी अडीचची केबल ओढतो आणि ऐन उन्हाळ्यात जळलेली मोटर भरायला घेऊन येतो.

दोन्हीकडे अडचण एकच आहे, अंतराची. तार लांबली की रोध वाढतो आणि व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. ग्रिडवाले व्होल्टेज चढवतात, त्यामुळे तेवढ्याच विजेला करंट कमी लागतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याच्या हातात फक्त तारेची जाडी असते, म्हणून ती त्याला कळलीच पाहिजे असं मला वाटतं.

आमचे जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. वीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात तारा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, इथे नवी पोरं हमखास फसतात. आता दीड, अडीच, चार, सहा हे आकडे चौरस मिलिमीटरचे. तारेचा आडवा छेद घेतला तर त्यात तांबं किती, ते हा आकडा सांगतो. वरचं प्लास्टिक त्यात धरत नाहीत. चिमटीत धरून ‘चांगली जाड आहे’ म्हणणाऱ्याने बहुधा प्लास्टिकच मोजलेलं असतं.

पाच एचपीची सबमर्सिबल घ्या. थ्री फेजवर ती साधारण दहा अँपिअर ओढते. स्टार्टरपर्यंतचं अंतर आणि बोअरची खोली मिळून ३०० मीटर केबल धरली, तर अडीचच्या केबलमध्ये तीस-पस्तीस व्होल्ट गळतात. चारच्या केबलमध्ये वीसेक, सहाच्या केबलमध्ये चौदाच्या आसपास. डीपीवर पूर्ण ४१५ असतील तर अडीचवरही मोटर चालून जाते. पण लाइनच्या शेवटी ३६० येत असतील, तर मोटरीला सव्वातीनशेच मिळतात. पाणी तेवढंच उपसायचं म्हणून ती जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. दोष मोटरीच्या कंपनीला दिला जातो. केबल घेताना नुसता एचपी सांगू नका, अंतर आणि खोलीही सांगा.

बोअरची चपटी केबल तीन कोरची असते, म्हणजे एकाच आवरणात तीन स्वतंत्र वायरी. जमिनीत पुरायची असेल तर आर्मर्ड घ्यावी. तिच्यातलं लोखंडी कवच कुदळीचा घाव पेलतं. घरातल्या पीव्हीसी वायरीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या.

‘एफआर’ म्हणजे न जळणारी वायर, असा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. एफआर वायर जळते, फक्त आग तिच्यावरून सहज पुढे सरकत नाही. ‘एफआरएलएस’मध्ये धूर आणि आम्लाची वाफही कमी निघते. सोलापूरच्या यंत्रमागांसारख्या बंदिस्त, सुताची धूळ साठलेल्या शेडमध्ये माणूस आगीआधी धुरानेच गुदमरतो. तिथे मी एफआरएलएसचाच आग्रह धरतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीची. खर्च वाचवायला सॉकेटची तिसरी पिन न्यूट्रलला जोडून देतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही कळत नाही. मागे कुठे तो तुटला, की फ्रिजच्या पत्र्यावर सरळ फेज येतो. न्यूट्रल रोजचा करंट परत नेतो, अर्थिंगमधून एरवी करंट वाहतच नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. अशी जोडणी करून द्या म्हटलं तर मी काम घेत नाही. जुन्या घरात हात घालतो तेव्हा आधी अर्थिंगचा खड्डा तपासतो, मग बोर्डात करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला घरातल्या बायकांना शिकवून येतो.